शिबिराच्या यादीत राहून गेलेली पोरं



गळिताचा हंगाम आटोपला. गव्हाण थंड झाली, तोडणीच्या टोळ्या आपापल्या मुलखाला परतल्या, गाडी अड्डा मोकळा पडला. आता कारखान्यात यंत्रांची उघडझाप आणि आपल्या रानात खोडव्याची मशागत. ह्याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते आणि साखरपट्ट्यात गावोगाव मुलांची उन्हाळी शिबिरे भरतात. कुठे कारखान्याच्या शाळेत, कुठे तालमीत, तर कुठे देवळाच्या सभामंडपात. लेझीम, मल्लखांब, खो-खो, पोहणे, चित्रकला, गोष्टी, समूहगान असा भरगच्च कार्यक्रम असतो. आठ-दहा दिवसांत पोरगं उन्हानं काळवंडतं, पण अंगानं आणि मनानं मोकळं होतं. ह्या उपक्रमाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. आमचा आजचा मुद्दा शिबिराला आलेल्या पोरांचा नाही. न आलेल्या पोरांचा आहे.

आपापल्या वाडीवस्तीकडे जरा नजर टाका. कुणाच्या घरी पायानं अधू मुलगी असते. कुणाचा पोरगा जन्मापासून ऐकत नाही, म्हणून बोलतही नाही. कुणाला अंधुक दिसतं, कुणाला मधूनमधून फिट येते, कुणाचं शरीर वाढलं पण समज लहान राहिली. ही पोरं शिबिराच्या काळात घराच्या ओट्यावर बसून असतात. लेझमीचा आवाज त्यांनाही ऐकू येतो, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला रस्त्यानं पळत जाणारी पोरं दिसतात. त्यांना कुणी "येऊ नको" म्हटलेलं नसतं. पण "ये" असंही कुणी म्हटलेलं नसतं. आणि न बोलावता जाणं पोराला काय, थोरालाही जमत नाही.

ह्यात आणखी एक गोष्ट घडते. असं मूल घरी असलं की त्याची थोरली बहीणही शिबिराला मुकते. आईबाप रानात, मग भावाजवळ कोण बसणार? म्हणजे एका नावाची दारं बंद झाली की दोन नावं यादीतून जातात. त्यातून अधू मूल मुलगीच असेल तर तिला बाहेर काढायचा विचारदेखील क्वचितच होतो. "लोक काय म्हणतील, पुढं लग्नाला अडचण येईल" ह्या धास्तीनं तिला घरातच जपलं जातं. जपणं आणि कोंडणं ह्यांत फरक आहे, एवढंच इथं नोंदवतो.

कुणी म्हणेल, अशी पोरं असून असून असणार किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार आपल्या महाराष्ट्रात होत्या. देशातल्या दर १० दिव्यांग व्यक्तींपैकी जवळपास ७ खेड्यात राहतात, असेही त्याच जनगणनेवरून दिसते. हा आकडाही पुरा नव्हे. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. १९९५ च्या आधीच्या कायद्यात ते ७ च होते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, सिकलसेल, हिमोफिलिया, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणी असे कितीतरी प्रकार त्यात आले. त्यांतले बरेच नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

आपल्याकडे उसाच्या नोंदीचे काम कसे चालते ते आपण जाणताच. चिटबॉय बांधाबांधाने फिरतो. लागण कोणत्या तारखेची, जात कोणती, क्षेत्र किती गुंठे, सगळं वहीत उतरवतो. अडचणीतल्या रानातला, ओढ्यापलीकडचा दहा गुंठे ऊसही त्याच्या नजरेतून सुटत नाही. उसाचं कांडं नोंदवायचं राहत नाही, पोरगं मात्र नोंदवायचं राहून जातं. हे आपल्या सहकाराला शोभणारे नाही.

आता कायद्याचे थोडे. हा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे १६ वे कलम असे सांगते की सरकारी मदत वा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबर खेळाची व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी. खेळ आणि करमणूक हे शब्द कायद्यातच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केले, त्याच्या ३० व्या कलमातही दिव्यांग मुलांना खेळात आणि विरंगुळ्यात इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता यावा असे म्हटले आहे. सबब शाळेच्या आवारात शाळेच्याच शिक्षकांनी भरवलेल्या शिबिरात अशा मुलाला घेणे ही मेहेरबानी होत नाही. तो त्या मुलाचा हक्क आहे.

पण खरं सांगायचं तर कायद्याच्या धाकानं पोराला आत घेतलं आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवलं, तर त्यानं काही साधत नाही. अशी दृश्यं आपण स्नेहसंमेलनात पाहतो. बाकीची पोरं नाचतात आणि ह्याच्या हातात टाळ्या वाजवायचं काम. उद्घाटनाला त्याला पुढं आणायचं, हार घालायचा, फोटो काढायचा, आणि खेळ सुरू झाला की बाजूला बसवायचं. त्याला कौतुक नको असतं, त्याला डाव पाहिजे असतो. शिबिरात मूल हजर असणं वेगळं आणि शिबिरात सामील असणं वेगळं.

मग सामील करून घ्यायचं म्हणजे काय? आपल्या विहिरीतलाच दाखला घ्या. आपण बहुतेक सगळे विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून. कुणी पत्र्याचा डबा बांधला, कुणी वाळलेला भोपळा. काठावर बाप किंवा चुलता दोर धरून उभा. त्या वेळी "ह्याला डबा लागतो, हा पोहणाऱ्यांत बसत नाही" असं कुणी म्हणालं का? डबा होता म्हणून तर पाण्यात उतरता आलं. कुणाचा डबा चार दिवसांत सुटला, कुणाचा महिन्यानं. एखाद्याचा कायमच राहिला, तरी तो पोहला. चाकाची खुर्ची, कानातलं यंत्र, हाताशी असलेला जोडीदार, थोडा बदललेला नियम हे सगळे असेच डबे आहेत. फरक इतकाच, की काहींना ते थोडे दिवस लागतात आणि काहींना जन्मभर.

जगात खेळ असेच बदलून सर्वांचे केले गेले आहेत. अंधांच्या क्रिकेटचे पाहा. चेंडूत छर्रे घातलेले असतात, तो सरपटी टाकतात आणि फलंदाज आवाजावर खेळतो. टाकण्याआधी गोलंदाज "तयार आहेस का" असं विचारतो, होकार आल्यावरच चेंडू सोडतो. पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली धाव दुप्पट मोजतात. नियम बदलला, पण चुरस कमी झाली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या अंध महिला संघाने विश्वचषक जिंकला तो ह्याच खेळात. बसून खेळायचा व्हॉलीबॉल १९५६ साली हॉलंडमध्ये सुरू झाला. मैदान लहान, जाळी पुरुषांसाठी पावणेचार फुटांच्या आसपास, आणि चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे. हा खेळ आपल्या शाळेच्या पटांगणात एका संध्याकाळी मांडता येईल. मजा अशी की ह्यात धडधाकट पोरंही तितक्याच चुरशीनं खेळतात आणि बसून सरकताना त्यांचाच दम निघतो.

आपल्या मातीतल्या मल्लखांबाचेही तेच. मुंबईला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यांच्या एकूण कार्याबद्दल २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोर हातात आला की डोळ्यांचं काम हात करतात. आपण करून बघितलेलं नसतं म्हणून अशक्य वाटतं.

आणि आपल्याच उसाच्या मुलखातले मुरलीकांत पेटकर. जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा. फौजेत गेले, मुष्टियुद्ध खेळले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक घेऊन आले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांचा डावा हात अधू झाला होता.

हे दाखले अभिमानाचे आहेत. परंतु वाचकांनी एक गैरसमज करून घेऊ नये. दिव्यांग पोरानं पदक आणलं तरच त्याला मैदानात जागा, असा त्याचा अर्थ नव्हे. आपली बाकीची पोरं शिबिराला कुठं पदकासाठी येतात? ती येतात मातीत लोळायला, नवे सवंगडी करायला, घरच्यापासून आठ दिवस सुटायला. ह्या पोरालाही तेवढंच पाहिजे. प्रत्येक रानाचा साखर उतारा सारखा नसतो, म्हणून कुणाचा ऊस आपण फडात उभा ठेवत नाही. पोरांच्या बाबतीत तर उतारा मोजायचंच कारण नाही.

आता ह्या सूचनेवर जे आक्षेप येतात त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप जबाबदारीचा. "पडलं-झडलं तर कोण निस्तरणार?" हा प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्याच पोरांना लागू आहे. मल्लखांबावरून धडधाकट पोरगंही पडतं. त्यावर उपाय पोराला घरी ठेवणं हा नसून काळजी घेणारी माणसं वाढवणं हा आहे. पोहण्याच्या वेळी फिट येणाऱ्या मुलामागे एक जाणता माणूस पाण्यातच पाहिजे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला कोलांटउड्या शिकवण्याआधी मानेबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हिमोफिलिया असलेल्या पोराला कुस्ती-कबड्डीत घालू नये, दुसरा खेळ द्यावा. अशी माहिती आईबापांकडून पहिल्याच दिवशी लिहून घेतली की निम्मी भीती जाते.

फिटबद्दल दोन शब्द अधिक, कारण ह्या बाबतीत गावात अजून घोळ आहे. फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, आजूबाजूचे दगडधोंडे बाजूला करावेत, आणि पोराला कुशीवर वळवावं. घड्याळ बघावं. पाच मिनिटांवर फिट चालली, लागोपाठ दुसरी आली, किंवा ती पाण्यात आली असेल, तर तडक दवाखाना गाठावा. एवढं तर शिबिर नसतानाही प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

दुसरा आक्षेप असा, की "त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत, त्यांनी बघावं." विशेष शाळांचे काम मोलाचे आहे. कोल्हापुरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी उभारलेल्या हेल्पर्स ऑफ दि हँडीकॅप्डसारख्या संस्थांनी अनेकांना आपल्या पायावर, नव्हे आपल्या चाकांवर, उभे केले. पण ते मूल अखेर राहणार आपल्याच गावात. शेजारच्या पोरांशी त्याची ओळख कधी होणार? पुढे सोसायटीत, बँकेत, ग्रामपंचायतीत हीच पोरं एकमेकांसमोर येणार. लहानपणी एका डावात खेळलेला माणूस मोठेपणी दुसऱ्याला "लंगड्या" म्हणून हाक मारत नाही. त्याला त्याचं नाव ठाऊक असतं.

तिसरा आक्षेप, "बाकीच्या पोरांचं नुकसान होईल, शिबिर मागं पडेल." आमचं म्हणणं उलट आहे. शिबिरात संस्कार करायचे म्हणून आपण गोष्टी सांगतो, प्रार्थना घेतो. सवंगड्याचा हात धरून त्याला मैदानाची चक्कर मारून आणणं ह्याच्यापेक्षा मोठा संस्कार कोणता? बाबा आमटे यांनी सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. समाजानं टाकून दिलेल्या माणसांनी उभ्या केलेल्या रानात महाराष्ट्रभरची पोरं कुदळ-फावडं घेऊन राबली. तिथं कोण कुणाला शिकवत होतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

चौथा आक्षेप पैशाचा. तर खर्चाच्या बाबी अशा आहेत की वाचून हसू येईल. आम्ही त्या क्रमाने मांडतो:

१. शिबिराच्या जाहिरातीत आणि अर्जावर "शारीरिकदृष्ट्या सुदृढ मुलांनीच यावे" अशा अर्थाची ओळ नसावी. उलट "सर्व मुलांनी यावे, कुणाला काही मदत लागत असल्यास कळवावे" असे छापावे. खर्च, शाईचा.

२. गट कार्यालयाकडून, चिटबॉयमार्फत, वाडीवस्तीवरील अशा मुलांपर्यंत निरोप जावा. दाखला, टक्केवारी मागू नये. शिबिराला दाखल्याची गरज नसते.

३. पायरी असेल तिथे उतार करावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी, म्हणजे खुर्ची सहज चढते. पटांगणात वाळू असेल तर वर फळ्या टाकाव्यात. संडासाचे एक दार तीन फूट रुंद असावे. ह्या एका गोष्टीअभावी कित्येक मुली दिवसभर पाणी न पिता बसतात.

४. नुसत्या शिट्टीवर सगळं चालवू नये. शिट्टीबरोबर झेंडा हलवावा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलालाही इशारा कळतो. त्याच्याशी समोरून, तोंड दिसेल असं बोलावं. अंध मुलासाठी मैदानाच्या कडेनं दोरी बांधावी आणि काय चाललं आहे ते तोंडानं सांगत राहावं.

५. कर्णा दिवसभर लावून ठेवू नये. स्वमग्न मुलांना मोठा आवाज सोसत नाही. झाडाखाली एक शांत जागा राखून ठेवावी. तिथं कुणीही मूल थोडा वेळ बसू शकेल.

६. मैदानी खेळ सकाळी ऊन चढायच्या आत उरकावेत. औषध चालू असलेल्या मुलांच्या गोळ्यांची वेळ चुकू देऊ नये.

७. प्रत्येक मुलाला जोडीदार द्यावा. फक्त दिव्यांग मुलाला नव्हे, सर्वांनाच. म्हणजे कुणाला वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही.

८. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शिबिराआधी बोलावून कार्यकर्त्यांची एक दिवसाची तयारी करून घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काय जमेल आणि काय जमणार नाही हे त्या मुलालाच विचारावे. आईबापांना विचारावे, पण आधी मुलाला. आपण पोराच्या डोक्यावरून मोठ्यांशी बोलतो ही आपली जुनी खोड आहे.

ह्यावरही काही खर्च निघालाच, तर ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. गावोगावी ही रक्कम कशी खर्च होते ह्याची विचारपूस ग्रामसभेत करायला कुणाची हरकत नाही. कायमचा उतार किंवा रुंद दाराचा संडास ही तर शिबिर संपल्यावरही राहणारी मिळकत आहे. म्हाताऱ्या माणसांनाही ती उपयोगी पडते.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. आयोजकांनी दार उघडलं तरी पाऊल आपण टाकलं पाहिजे. "आमच्या पोराला काय जमणार" हे वाक्य पुष्कळदा परक्याच्या आधी घरातूनच येतं. त्यामागं माया असते, आजवर झालेली हेटाळणी असते, हे आम्ही जाणतो. पण एक दिवस पाठवून बघा. पहिल्या दिवशी रडेल, दुसऱ्या दिवशी रुसेल. कुठलं पोरगं रुसत नाही? शिबिरातून पोराला परत आणायचंच झालं, तर ते त्याला आवडलं नाही म्हणून आणा, लोक बघतात म्हणून नको.

शेवटी सहकाराचा मुद्दा. १९५० साली प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून आपण एक तत्त्व मानत आलो. एका भागाचा धनी असो की शंभर भागांचा, सर्वसाधारण सभेत मत एकच. जमीन किती, ऊस किती, वजन किती हे वजनकाट्यावर पाहायचं. सभेत माणूस तेवढा मोजायचा. हे तत्त्व मोठ्यांच्या सभेपुरतं ठेवायचं की पोरांच्या मैदानावरही न्यायचं, एवढाच आमचा सवाल आहे.

म्हणून आमची सूचना अशी की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनीच हा विषय मांडावा. कारखान्याच्या नावे किंवा मदतीने जे जे शिबिर भरेल, त्याचे दार सर्व मुलांना उघडे राहील, आणि त्यासाठी लागणारी किरकोळ सोय आधीच केली जाईल, असा साधा ठराव व्हावा. अनुमोदन देणारे हात कमी पडणार नाहीत अशी आमची खात्री आहे. परंतु सभेची वाट पाहायचीच असं नाही. सुट्टी अजून बाकी आहे. शेजारच्या ओट्यावर जे पोरगं बसलं आहे, त्याला उद्या सकाळी आपल्या पोरानं जाता जाता हाक मारली तरी कामाला सुरुवात होईल.

जय सहकार!